सातच्या आकड्याखालचा डाग

शाळेच्या भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेला नकाशा खाली उतरवला, की त्याच्यामागे भिंतीचा मूळ रंग चौकोनी आकारात शिल्लक राहिलेला दिसतो. बाकीची भिंत उन्हाने, धुळीने आणि खडूच्या कणांनी फिकी पडलेली असते. तो चौकोन मात्र रंगाऱ्याने परवाच ब्रश फिरवावा तसा ताजा. विज्ञान शिकवण्याच्या चौतीस वर्षांत मी प्रत्येक नव्या वर्गाला हा चौकोन दाखवला आणि विचारले, "रंग कशाने गेला?" उत्तरे पुष्कळ येत. मला हवे असलेले उत्तर एकच होते : जिथे उजेड पोचला, तिथे गेला. निवृत्तीनंतर माझ्या सगळ्या शिकवण्यातला हा एवढाच धडा उपयोगी पडला, आणि तोही शहागंजातल्या एका घड्याळाच्या दुकानात.

दुकान म्हणजे दोन माणसांनी गुडघ्याला गुडघा लावून बसावे एवढी जागा. मागच्या फळीवर बंद पडलेली आणि चालू असलेली भिंतीवरची घड्याळे, पुढे काचेची पेटी, तिच्यावर वाकवता येणारा दिवा. दुकानदाराला सगळा बाजार चाचा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे राहिलेले. पत्नी गेल्यानंतर, तीन वर्षांपूर्वी, मी माझ्या घड्याळाचा पट्टा बदलायला तिथे गेलो आणि स्टुलावर बसलो. दुसऱ्या दिवशी पट्टा टोचतो असे कारण काढून पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी कारण काढावे लागले नाही. चाचांनी एक जुनी तबकडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "सर, तुमची नजर चांगली आहे. हे डायल बघा. मेरे कू सब पिवळंच दिसतं आजकल."

हल्ली जुन्या घड्याळांचे शौकीन वाढले आहेत. त्यांना काळाने फिकी झालेली तबकडी हवी असते. काळ्याची तपकिरी झालेली, पांढऱ्याची सायीसारखी. अशा सुट्या तबकड्या आणि काटे घेऊन व्यापारी डब्यांच्या थप्प्यांसह चाचांकडे येतात. मागणी अशी वाढली, की काही लोक चांगल्या तबकड्या मुद्दाम जुन्या करू लागले. कुणी भट्टीत भाजतो, कुणी चहात बुडवतो, कुणी गच्चीवर वाळत घालतो. खरे कोणते आणि केलेले कोणते, हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

पद्धत सोपी आहे. तबकडीचा काठ घड्याळाच्या कड्याखाली झाकलेला असतो. तिथे उजेड पोचत नाही. म्हणून खऱ्या जुन्या तबकडीच्या काठावर मूळ रंगाची एक बारीक गोल रेघ राहते, नकाशामागच्या चौकोनासारखी. काठसुद्धा मधल्या भागाइतकाच पिवळा असेल, तर तबकडी सुटी असताना कुणीतरी ती पिवळी केली आहे. मग पाठ पाहावी. पितळ एकसारखे काळवंडलेले असावे. कपात चहा वाळल्यावर राहते तशी रेघ पाठीवर दिसली, तर निराळा विचार करायला नको. तबकडीला मागे दोन बारीक पाय असतात, ते शाबूत आहेत का तेही पाहावे; दुसऱ्या घड्याळाची तबकडी बसवताना पाय कापावा लागतो. काही जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे द्रव्य लावलेले असते. अशा तबकडीवर फुंकर घालू नये, ती खरवडू नये. ते द्रव्य पोटात जाणे चांगले नाही. असे घड्याळ खणात वर्षानुवर्षे बंद पडून राहिले, तर काट्यांची तपकिरी सावली तबकडीवर उमटते. घड्याळ कितीला थांबले होते, ते काटे काढल्यावरही वाचता येते. ती सावली पाहिली, की मी भिंग खाली ठेवत असे.

प्रत्येक भागासाठी मी एक चिठ्ठी लिहीत असे. तीन रकाने : भाग, निरीक्षण, निष्कर्ष. निष्कर्षाच्या रकान्यात तीनच शब्दांना परवानगी होती. खरी, केलेली, शंका. विद्यार्थ्यांना मी कधी रकाना कोरा सोडू दिला नाही, तो स्वतःलाही नाही. चाचा व्यापाऱ्यांसमोर ती चिठ्ठी नाचवत. "बघा, आमच्या सरांनी नापास केलं. आता फेरपरीक्षा नाही."

दुपारी चारला मी गारखेड्याच्या घरी परत येत असे. एकट्या माणसाच्या घरात वस्तू हलत नाहीत. सकाळी जिथे चष्म्याची डबी ठेवली, तिथेच ती संध्याकाळी असते. पूर्वी माझी लाल पेन्सिल सापडली नाही, की मी चिडत असे. आता ती पहिल्याच जागी सापडते आणि मला ते आवडत नाही.

त्या घरात रोज हलणारी एकच वस्तू होती : पत्नीचे मनगटी घड्याळ. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेले, चावीचे, रुपयाच्या नाण्याएवढे. चावी ती जोरात फिरवते आणि कमान तुटेल, असे मी तिला सुरुवातीलाच समजावून सांगितले होते, आणि मग ते काम माझ्याकडे घेतले होते. सकाळी सातच्या बातम्या लागल्या, की रेडिओवरून वेळ जुळवायची आणि चावीला अठरा फेरे द्यायचे. ती गेल्यावरही मी ते चालू ठेवले. तबकडीचा रंग सायीसारखा, आणि सातच्या आकड्याखाली रव्याच्या दाण्याएवढा एक तपकिरी डाग. रोज सातला मी त्या डागाकडे पाहत असे.

तिच्या साड्या तिच्या बहिणींकडे गेल्या, भांडी बरीचशी वाटली गेली. उरले ते घड्याळ. मागच्या हिवाळ्यात पुण्याहून मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचं घड्याळ मला द्याल का? मी वापरीन म्हणते."

"देईन की. तुझंच आहे."

"आणि त्याच्यासोबत तुमची ती चिठ्ठीपण हवी. खरी-केलेलीवाली." ती हसली. मला वाटले, माझ्या चिठ्ठ्यांना हसली.

रविवारी ती येणार होती. घड्याळ दिवसाला दहा मिनिटे मागे पडू लागले होते, म्हणून देण्याआधी ते उघडून साफ करून घ्यावे, असे ठरवले. आईच्या मनगटावर जे तीस वर्षे होते, नेमके तेच मुलीच्या मनगटावर जावे. त्याबद्दल माझ्या अक्षरात एक चिठ्ठी असावी. यापेक्षा जास्त काही तिला देण्यासारखे माझ्याकडे नव्हते.

सोमवारी मी घड्याळ चाचांपुढे ठेवले. त्यांनी ते कानाला लावले आणि मला परत दिले. "चालतंय ना सर? चलती चीज कू कायकू छेडना?"

मंगळवारी म्हणाले, "आज डोळा दुखतोय."

बुधवारी ते म्हणाले, "उद्या बघू," आणि दिव्याचे तोंड दुसरीकडे वळवले.

गुरुवारी दुपारी ते नमाजाला गेले. "बसा सर, आलोच," म्हणाले. घंटाघराकडच्या बाजूने गाड्यांचे भोंगे येत होते. तीन वर्षे शेजारी बसून पाहिलेले काम आपल्याला येते, असे मला वाटत होते, आणि ते आलेही. पात्याने मागचे झाकण उघडले, चावी सोडवली, मशीन काचेवर उतरवले, आणि सवयीने भिंग डोळ्याला लावले.

काठ मधल्या भागाइतकाच पिवळा होता.

मी घड्याळ दिव्याखाली फिरवले. भिंग पुसले. काठ तसाच होता, सगळीकडे एकसारखा. मग काटे काढून तबकडी उलटी केली. पाठीवर वाळलेल्या ओघळाची रेघ होती. दोन पायांपैकी एक कापलेला, तिथे चिकट्याचा ठिपका. नववीच्या पोराच्या हातीही भिंग दिले असते, तर त्याने उत्तर बरोबर लिहिले असते.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो सांगितला पाहिजे. मागच्या वर्षी याच घड्याळाचा पट्टा बदलायला दिला होता, तेव्हा चाचांनी ते दोन दिवस ठेवून घेतले होते. मूळ तबकडी त्यांनी काढून घेतली आणि मला ही बसवून दिली, असे मी ठरवले. ठरवायला मला एक मिनिटही लागले नाही. मी चिठ्ठी लिहिली. भाग : तबकडी. निरीक्षण : काठाखाली रंग सारखाच, पाठीवर ओघळाची रेघ, एक पाय कापलेला. निष्कर्ष : केलेली. ती दिव्याखाली ठेवली आणि हाताची घडी घालून बसलो, वर्गात कॉपी सापडली की बसत असे तसा.

चाचा आले. उघडलेले घड्याळ पाहून थांबले. मग बसले, चिठ्ठी डोळ्याजवळ नेली आणि सावकाश वाचली.

"किसने किया, ते नाही लिहिलं सर."

"ते तुम्ही सांगायचं. मागच्या वर्षी दोन दिवस हे तुमच्याकडे होतं. ह्याची मूळची तबकडी कुठे आहे?"

"मेरे कू चोर बोल रहे?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

त्यांनी टोपी काढली, घडी करून गुडघ्यावर ठेवली.

"हौ. मैंच किया. पण मागच्या साली नाही. वीस साल झाले. भाभी स्वतः आल्या होत्या इथं, ह्याच स्टुलावर बसल्या होत्या. हातरुमालात घड्याळ बांधून आणलं होतं. डायल पूरी खराब, रंगाला फुगे आलेले, गंज चढलेला. म्हणाल्या, फर्दापूरला पाणी गेलं आतमध्ये."

फर्दापूर म्हटल्यावर मला सहल आठवली. लेणी पाहायला आम्ही शाळेची सहल नेली होती आणि मुलींबरोबर कुणी बाई हवी, म्हणून तीही आली होती. बसमध्ये चढताना आणि उतरताना मी विद्यार्थी मोजत होतो. दुपारी हातपंपावर तिने मुलींना पाणी काढून दिले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तिने डावा हात पदराखाली ठेवला होता. थंडी वाजत असेल असे मला वाटले. परतीच्या वाटेत, सिल्लोडच्या आधी, तिने मला विचारले, "अहो, किती वाजले?" थोड्या वेळाने पुन्हा विचारले. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "घड्याळ हातात बांधायला दिलंय का मिरवायला?" मुली हसल्या. तीही हसली. पुढे महिनाभर ते घड्याळ घरात नव्हते. विचारल्यावर ती म्हणाली होती, "तेलपाणी करायला दिलंय."

"मी म्हटलं, भाभी, नवीन डायल टाकून देतो," चाचा सांगत होते. "तर म्हणाल्या, नको, नवीन यांना लगेच दिसेल. जुनं करून द्या. मैं बोला, मैं ऐसा काम नहीं करता. तर म्हणाल्या, खोटं कुठं आहे चाचा? घड्याळ माझं, हात माझा. आता यावर काय बोलायचं?" त्यांनी समोरच्या हॉटेलाकडे बोट केले. "तिकडून कडक चहा मागवायचो. एक कप आम्ही प्यायचो, एक डायलला पाजायचो. तीन दुपार आल्या. 'अजून जरा' म्हणायच्या. 'आता बास' म्हणायच्या. मग म्हणाल्या, सातच्या खाली एक डाग होता, तो पण पाहिजे, रव्याच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, इतना कौन देखता? तर म्हणाल्या, ते बघतात, रोज सातला."

समोरच्या हॉटेलातून कपबश्यांचा आवाज येत होता. मी विचारले, "माझी एवढी भीती वाटायची का तिला?"

"मैंने भी पूछा था, सर. भाभी, सर रागावतात का? तर हसल्या." चाचा चिठ्ठीची घडी घालत होते, ते थांबले. "म्हणाल्या, रागावत नाहीत हो चाचा. समजावून सांगतात."

मी काचेवरची तबकडी सुलटी केली. रागावलो असतो तर दहा मिनिटांत संपले असते. समजावून सांगणे संपत नाही. पाण्यापासून घड्याळ का जपावे, पंप मारताना ते कुठे ठेवावे, रबराची चकती झिजली की काय होते, हे मी तिला जेवताना सांगितले असते, दुसऱ्या दिवशी उजळणी घेतली असती, आणि पुढे कधी पाण्याचा विषय निघाला की फर्दापूरचे उदाहरण दिले असते. त्यापेक्षा तिला तीन दुपारी शहागंजात बसून चहाचा रंग पाहणे सोपे वाटले. त्या तीन दुपारी ती काय बोलत असे, किती हसत असे, हे चाचांना माहीत आहे. मी ज्या स्टुलावर तीन वर्षे बसत होतो, तिथे ती माझ्याआधी बसली होती, माझ्यापासून लपून.

"मूळची कुठे गेली?"

"ती भाभीच घेऊन गेल्या."

मग मी म्हणालो, "चाचा, माझं चुकलं. मी तुमच्यावर आळ घेतला."

"चुको ना सर. एक बार तो चुको." त्यांनी टोपी घातली, दिवा जवळ ओढला. "और एक बात. तेव्हा तुमचा काठाचा नियम मला कुठं माहीत होता? आता करायचं म्हटलं, तर काठाला मेण लावून बुडवीन. तुमचे अब्बा आले तरी ओळखणार नाहीत."

मला हसू आले. त्यांनी घड्याळ धुतले, तेल घातले, तबकडी परत बसवली. ते वेळ बरोबर दाखवू लागले. घरी येऊन मी मूळ तबकडी शोधली. शिवणाच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात, तिच्या जुन्या पर्समध्ये. सापडली नाही. ती वस्तू मला सापडू नये अशा जागी ठेवणे तिला जमले होते.

शनिवारी चिठ्ठी लिहायला बसलो. "खरी" लिहिणे शक्य नव्हते. "केलेली" लिहिले तर त्याचा अर्थ जो होतो, तो इथे नव्हता. शंका तर कसलीच उरली नव्हती. शेवटी पहिले दोन रकाने भरले. भाग : तबकडी. निरीक्षण : लग्नातली नाही, फर्दापूरनंतर बसवलेली, डाग तुझ्या आईच्या सांगण्यावरून. तिसरा रकाना कोरा ठेवला.

रविवारी मुलगी आली. जेवण झाल्यावर मी घड्याळ आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने आधी चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिले.

"बाबा, तुम्हाला आत्ता कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"आईनं आल्याआल्या दाखवलं होतं मला. घड्याळ खिडकीत धरून म्हणाली, बघ, ओळखतात का ते. आम्ही दोघी तुमच्याकडे बघत होतो त्या दिवशी सातला." तिने घड्याळ उचलले. "तुम्ही चावी दिलीत आणि म्हणालात, बघ, नीट वापरलं की वस्तू कशी टिकते. आई स्वयंपाकघरात जाऊन इतकी हसली की तिला ठसका लागला."

तो ठसका मला आठवत नाही. मी बातम्या ऐकत असेन.

"म्हणून तर मला हवं होतं ते," मुलगी म्हणाली. तिने घड्याळ मनगटाला लावले. पट्टा तिला एक भोक सैल होतो. भोक कसे पाडावे, हे माझ्या ओठांवर आले होते. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यालो. चिठ्ठीची घडी घालून तिने ती पर्समध्ये ठेवली. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

सोमवारी सातच्या बातम्या लागल्या, तेव्हा माझा हात शेल्फाकडे गेला. तिथल्या धुळीत पट्ट्याच्या लांबीएवढी जागा स्वच्छ होती. मी हात मागे घेतला आणि खुर्चीवर बसलो. बातम्या संपत आल्या होत्या तेव्हा फोन वाजला.

"बाबा, चावीला फेरे किती द्यायचे?"

अठरा, आणि तेही अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये हलके धरून, घड्याळ मनगटावरून काढून, एकाच दिशेने. सगळे उत्तर तयार होते.

"दे," मी म्हणालो. "तुझ्या हाताला कळेल."

पलीकडे ती थांबली. पुढचे ऐकण्यासाठी थांबली असावी.

"एवढंच?"

"एवढंच."

फोन कानाला तसाच धरून मी ऐकत राहिलो. तिने चावी फिरवायला घेतली होती. आवाज फार बारीक होता, मधूनच ऐकू येई, मधूनच नाही. मी फेरे मोजले नाहीत. मग ती म्हणाली, "ठेवू?" आणि मी म्हणालो, "ठेव."